पाय फूटरेस्टवरच होता

४ सप्टेंबर १९६६, रविवार

हद्द झाली. आजच्या मोटरसायकल ट्रायलमध्ये माझे एकतीस मार्क गेले! आणि डेस्मंड कोट्सचे नऊ.

हा डेस्मंड म्हणजे गावातला खाटीक. वय वर्षं सव्वीस. परवापरवापर्यंत याला गिअर कुठे आणि ब्रेक कुठे ते कळत नव्हतं. जूनमध्ये याने स्पॅनिश गाडी घेतली. वजन दोनशे पाच रत्तल. आमच्या खोऱ्यात एवढ्या वजनाचे मेंढे असतात. आवाज शिलाई मशीनचा. तिच्यावर बसून हा दात काढत काढत ओढ्यातले दगड चढून गेला आणि वरून मला म्हणतो, सिरिलकाका, येऊ का ढकलायला?

काका! मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे.

माझी गाडी ब्रिटिश आहे. साडेतीनशे सीसी, फोर-स्ट्रोक, अस्सल लोखंडाची. बारा वर्षांत एकदाही आपणहून बंद पडलेली नाही. आज पाच वेळा पडली, पण ती मी पाडली म्हणून.

चौथ्या सेक्शनला पंच विनी होती. विनी म्हणजे माझी बायको. वीस वर्षं क्लबची पंच आहे. घडीचं स्टूल, थर्मास, विणकाम आणि कानामागे पेन्सिल. मी तिच्यासमोर दगडाला टेकून जेमतेम दोन सेकंद थांबलो. श्वास घ्यायला. तिने पाच लिहिले. घरी आल्यावर विचारलं, सख्ख्या नवऱ्याला पाच? म्हणाली, थांबलास ना? मग पाच. आणि चहा ओतायला लागली.

खरी आग लावली ती आमच्या सेक्रेटरीने, आर्थर बिंक्सने. पबमध्ये खुर्चीवर उभा राहून म्हणाला, नोव्हेंबरातल्या पेनाइन कपला क्लबचे तिघे जाणार. दोघे यूबँक बंधू ठरलेले. तिसरा सिरिल किंवा डेस्मंड. १६ ऑक्टोबरच्या क्लब ट्रायलमध्ये ज्याचे मार्क कमी जातील, तो.

किंवा! ती तिसरी जागा अकरा वर्षं माझी आहे. पबच्या भिंतीवर अकरा वेळा सोनेरी अक्षरांत माझं नाव आहे. आणि आता म्हणे किंवा.

५ सप्टेंबर, सोमवार. दुपारी, कारखान्यात

सगळा विचार झाला. प्रश्न फक्त वजनाचा आहे. माझ्या चालवण्यात काडीचा दोष नाही.

लोक म्हणतात, ट्रायलच्या गाडीत हलकेपणा, टिकाऊपणा आणि स्वस्ताई या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कुठल्याही दोन घ्या, तिसरी विसरा. डेस्मंडची हलकी आहे, पण तिला दोनशे ऐंशी पौंड पडतात. माझी टिकाऊ आणि स्वस्त आहे, पण जड. असं म्हणणारे लोक फिटर नाहीत. मी आहे. या चीजच्या कारखान्याचा बॉयलर एकोणीस वर्षं माझ्या जिवावर चाललाय. सहा आठवड्यांत तिन्ही गोष्टी करून दाखवतो. एक पेनी खर्च न करता.

कँटीनमधल्या मिसेस रॅपनी विचारलं, काल शर्यतीत कितवा आलास? माझं डोकंच फिरलं. शर्यत नाही हो ती! किती वर्षं सांगतोय! दोन पाट्यांच्या मधला दगडाधोंड्यांचा, चिखलाचा, ओढ्याचा पट्टा. त्याला सेक्शन म्हणतात. तो पाय न टेकता पार करायचा. एकदा पाय टेकला, एक मार्क गेला. पुन्हा टेकला, तीन गेले. थांबलात, पडलात, बाहेर गेलात, पाच गेले. वेगाचा संबंध काय? मिसेस रॅप म्हणाल्या, म्हणजे हळू जाणारा जिंकतो? मग तू हरतोस कसा?

त्यांच्याकडचं पुडिंग आजपासून बंद.

६ सप्टेंबर, मंगळवार

मंगळवारी मेंढ्यांचा बाजार. बाजारात मेंढ्या तोलायचा काटा आहे, त्यावर गाडी चढवली. काट्यावरच्या म्हाताऱ्या थ्वेटने टोपी मागे सारून विचारलं, हिची लोकर काढून झाली का? रांगेतले सगळे शेतकरी खिदळले. मी लक्ष दिलं नाही. तीनशे सहा रत्तल. थ्वेटने पावतीवर ‘मेंढी, एक’ असंच लिहून दिलं, कारण त्याच्याकडे दुसरं पावतीपुस्तक नाही.

लक्ष्य : दोनशे पन्नास. त्यावर चालवणारा अनुभवी असल्यामुळे ते दोनशे पाचच्या बरोबरीचं होतं.

९ सप्टेंबर, शुक्रवार

चार संध्याकाळी नुसतं ड्रिल. ब्रेकचा दांडा, क्लचचा दांडा, चेनचं कव्हर, मडगार्डचे पाय, साखळीचं मोठं चक्र. एकशे बारा भोकं. भोक म्हणजे नसलेलं लोखंड. नसलेल्या लोखंडाला वजन नसतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. इतकी सोपी गोष्ट त्या स्पॅनिश लोकांना पैसे देऊन शिकायची?

निघालेला कीस स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला. एक रत्तल, सहा औंस. मला वाटलं काटा बिघडलाय. साखर ठेवून पाहिली. काटा बरोबर होता.

विनी म्हणाली, एकशे बारा भोकांत एक रत्तल, मग छप्पन रत्तलांना किती भोकं, ते कागदावर मांड. मी म्हटलं, तुला इंजिनिअरिंगमधलं कळत नाही. मग तिने काट्याचं ताट मला धुवायला लावलं. दोनदा. तरी रात्रीच्या जेवणात माझ्या दाताखाली काहीतरी आलंच.

११ सप्टेंबर, रविवार

ब्रेकचा दांडा तुटला. बरोबर तिसऱ्या भोकावर. उतारावर. गाडी आणि मी दगडी कुंपणातून पलीकडे मिस्टर ऑल्डर्सनच्या शेतात. ते नेमके तिथेच उभे होते. म्हणाले, तुला फाटक दिसलं नाही का, पंधरा फुटांवर आहे.

कुंपण रचायला तीन तास लागले. मला आधीच माहीत होतं की सुट्या दगडांचं कुंपण रचणं सोपं नाही, त्यात ऑल्डर्सन उभे राहून प्रत्येक दगडाला नको म्हणत होते. संताप संताप झाला.

पण एक गोष्ट सिद्ध झाली : लोखंडच हलक्या प्रतीचं होतं. माझं गणित चुकलेलं नाही.

१४ सप्टेंबर, बुधवार

धोरणात बदल. लोखंडाला भोकं पाडण्यापेक्षा लोखंडच काढायचं आणि त्या जागी ॲल्युमिनियम. विमानांच्या भंगाराच्या वखारीत एक जण ओळखीचा आहे, त्याच्याकडून खास मिश्रधातूचे बोल्ट आणले. बेचाळीस. हाताला लागतच नाहीत, इतके हलके. त्याने विचारलं, कशाला हवेत? सांगितलं. म्हणाला, विमान आपटत नाही हो रोज. गंमत करत असावा.

अकरा पौंड चार शिलिंग. ‘स्वस्त’ म्हणजे फुकट असं मी कधी म्हटलं नव्हतं. स्वस्त म्हणजे दोनशे ऐंशीपेक्षा कमी.

विनीला पाच पौंड सांगितले.

१८ सप्टेंबर, रविवार

आज मला कोणाचंही तोंड पाहायचं नाही.

जुनी टाकी पत्र्याची, दोन गॅलनची. तिच्यातलं पेट्रोलच केवढं जड! म्हणून नवी टाकी बनवली. फायबरग्लासची, स्वतःच्या हाताने, अर्ध्या गॅलनची. तिच्या वासाने शेजारच्या घरातली मांजर दोन दिवस आली नाही आणि विनीने चीज दुसऱ्या कपाटात हलवलं. पण टाकी झाली छान. थोडीशी वाकडी आहे, पण ते मुद्दाम.

आज पठारावर सरावाला गेलो. अर्धा गॅलन अर्ध्या गॅलनइतकंच पुरतं. घरापासून साडेसहा मैलांवर गाडी थंड. पाऊस. ढकलत निघालो. तीन मैल ढकलल्यावर मागून व्हॅन आली, दारावर ‘कोट्स, सॉसेज आणि उत्तम मटण’. डेस्मंड!

मी मान वळवून हिरवळ बघत असल्याचं दाखवलं. तो उतरलाच. सिरिलकाका, पेट्रोल संपलं का? मी म्हटलं, नाही, व्यायाम करतोय. तो म्हणाला, बरं मग चालू द्या, आणि गेला. दहा मिनिटांनी परत आला. एक डबा पेट्रोल माझ्या पायाशी ठेवला, त्याशेजारी कागदात बांधलेली सॉसेज ठेवली, आणि एक अक्षर न बोलता गेला.

असा राग आला की काय सांगू. या पोराला धड वाईटही वागता येत नाही.

सॉसेज चांगली होती.

२० सप्टेंबर, मंगळवार

काट्यावर : दोनशे ब्याऐंशी! चोवीस रत्तल कमी! थ्वेटला म्हटलं, बोल आता. तो म्हणाला, आता वर बसा. मी म्हटलं, कशाला? तो म्हणाला, मेंढी दगडावर एकटी चढणार आहे का?

बसलो. त्याने मागच्या वर्षीची वही काढली. गेल्या सप्टेंबरात बाजाराच्या दिवशी पैज लावून मी गाडीसकट काट्यावर बसलो होतो, हे मी साफ विसरलो होतो. तेव्हापेक्षा आज दोघांचं मिळून एक रत्तल जास्त. थ्वेटने माझ्या पोटाकडे बघितलं. रांगेतल्या शेतकऱ्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. एका मेंढीनेसुद्धा बघितलं.

हा काटाच मुळात मेंढ्यांचा. त्याच्यावर माणसाने विश्वास ठेवू नये. आजपासून वजनाचा विषय बंद. आता लक्ष फक्त टिकाऊपणावर.

घरी येऊन विनीला सांगितलं नाही. तिला बाजारातच कळलं होतं. ताटात दोन बटाटे कमी.

२५ सप्टेंबर, रविवार

हे कुठेही बोलायचं नाही.

ओढ्यापाशी सराव करत होतो. डेस्मंड आला. मोठ्या मनाने म्हणतो, घ्या काका, माझी गाडी एकदा चालवून बघा. मी म्हटलं, मला गरज नाही. तो म्हणाला, गरज नाहीच, मजा म्हणून. आणि व्हॅनमधून काहीतरी काढायला पलीकडे गेला. तेवढ्यात मी बसलो. फक्त आसनाची उंची बघायला.

मग सुरू केली. आवाज तपासायला.

मग ओढ्यातल्या त्या मोठ्या दगडी पायरीवरून वर गेलो, जिथे मी दोन वर्षांत एकदाही चढलेलो नाही. गाडी आपली गेली. मी काहीच केलं नाही! यात कौशल्य कसलं? माणसाने जिन्यावरून जावं तशी गेली. पुन्हा खाली आणून पुन्हा चढवली, खात्री करायला. मग तिसऱ्यांदा. मग डाव्या बाजूने.

वर पाहिलं तर डेस्मंड झाडाला टेकून सॅंडविच खात होता. किती वेळ उभा होता देव जाणे. म्हणाला, काका, तुम्ही या गाडीवर मला आणि यूबँक बंधूंना पाणी पाजाल. मी म्हटलं, ही गाडी माझ्या स्वभावाला मानवत नाही. त्याला गाडी परत देताना हँडल हातातून लवकर सुटलं नाही. थंडीने.

२ ऑक्टोबर, रविवार

सांगाड्याला तडा. इंजिनाच्या खाली, जिथे मी वजन वाचवायला एक आडवी नळी कापून काढली होती. आता कोणी म्हणेल की नळी काढली म्हणून तडा गेला. म्हणू देत. बारा वर्षं ती नळी तिथे होती, म्हणजे तडा आतून बारा वर्षं तयारच होत असणार.

कारखान्यात वेल्डिंग केलं. वर पट्टी जोडली. पट्टीला आधार म्हणून दुसरी पट्टी. मॅनेजरने विचारलं, हे बॉयलरचं काम आहे का? मी म्हटलं, एका अर्थाने. तो म्हणाला, बॉयलर गळतोय, सिरिल. दुसऱ्या अर्थाने तो गळतच होता.

नवा ब्रेकचा दांडाही बसवला, जाड. चेनचं कव्हर तुटलं म्हणून जुनं बसवलं. टाकी गळायला लागली म्हणून तिच्यावर आणखी तीन थर. वजन मोजलेलं नाही. तो विषय बंद आहे.

आत्तापर्यंतचा खर्च विनीला सांगितलेल्या आकड्याच्या तिप्पट आहे. याला जबाबदार डेस्मंड.

९ ऑक्टोबर, रविवार

आता फक्त एक आठवडा. गाडी उत्तम. मी उत्तम. फक्त उजवं फूटरेस्ट जरा हलतंय.

विनी गोठ्यात आली. आमचा गोठा म्हणजेच वर्कशॉप. फूटरेस्ट हातात धरून हलवलं आणि म्हणाली, हा बोल्ट मऊ आहे, यावर तू उभा राहणार आहेस का? तिथे तरी आपला जुना लोखंडी घाल. अरे, पाव रत्तलाचा प्रश्न आहे.

झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, एक तर तू पंच आहेस, पंचाने स्पर्धकाला सल्ला द्यायचा नसतो, नियम आहे. दुसरं, हा बोल्ट विमानाचा आहे. तिसरं, सगळीकडून वजन वाढलंय, निदान एका जागी तरी मी जे ठरवलं ते राहू दे!

तिने फूटरेस्ट सोडलं, हात ॲप्रनला पुसले. दारात जाऊन म्हणाली, तुला ती जागा इतकी हवी आहे का रे? मी म्हटलं, ती माझीच आहे. म्हणाली, तसं नाही विचारलं. आणि गेली.

हवी आहे. हो, हवी आहे. सोळाव्या वर्षापासून लोकांच्या बॉयलरखाली सरपटतोय. वर्षातून एक दिवस मी त्या तिघांमधला असतो. दुसरं काय आहे माझ्याकडे? आता लिहिलंय तर असू दे.

बोल्ट तोच ठेवला.

१६ ऑक्टोबर, रविवार. पबमधून आल्यावर

अन्याय! शुद्ध, नागडा अन्याय! लिहिताना पेन्सिलचं टोक दोनदा मोडलं. तरी सगळं क्रमाने लिहितो, कारण पुढे कागदपत्र लागतील.

सकाळपासून मी असा चालवत होतो की मीच थक्क झालो. पहिल्या नऊ सेक्शनमध्ये फक्त सतरा मार्क गेले. आघाडीच्या यूबँकनेसुद्धा मान हलवली. डेस्मंड माझ्या पुढच्या गटात होता, त्याचे किती गेले ते कळत नव्हतं. कोणी म्हणे बारा, कोणी म्हणे वीस. एक जण म्हणाला, सोळा. सोळा असतील तर माझा आधीच निकाल लागला होता. सतरा असतील तर एकही मार्क जाऊन चालणार नव्हता. मी मनात सतरा धरले.

शेवटचा सेक्शन कोल्डकेल्ड घळ. पंच विनी. घळीत पाणी, वर शेवाळलेली पायरी, मग उजवीकडे वळण, मग सपाट खडक आणि शेवटची पाटी. आज तिथून एकही माणूस पाय न टेकता गेला नव्हता. एकही. यूबँक बंधू दोघेही पाच-पाच देऊन आले होते.

मी गेलो. कसा गेलो ते मला सांगता येणार नाही. गाडी जड नव्हती, हलकी नव्हती, गाडी नव्हतीच. पायरी चढलो. वळलो. वीसेक माणसं होती कठड्यावर. सपाट खडकावर आलो, पाटी चार फुटांवर. आणि कट्!

उजव्या फूटरेस्टचा बोल्ट गेला.

आता नीट लिहितो. फूटरेस्ट खाली पडलं. माझा पाय त्याच्यासोबत खाली गेला, कारण माझा पाय त्याच्यावर होता. फूटरेस्ट खडकावर टेकलं. माझा पाय फूटरेस्टवर टेकला. खडकाला माझा बूट लागलेला नाही! मग गाडी पुढे गेली, मी गाडीवरच, पाटी पार. म्हणजे शेवटपर्यंत माझा पाय जिथे असायला हवा तिथेच, फूटरेस्टवरच होता. फूटरेस्ट जमिनीवर होतं, हा काय माझा दोष?

मागे वळून पाहिलं. विनीने कानामागची पेन्सिल काढली, बराच वेळ कार्डाकडे बघत राहिली, आणि लिहिलं. एक.

मी म्हटलं, विनी! ती म्हणाली, एक, सिरिल. पुढे हो. मी म्हटलं, पाय टेकलाच नाही! तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसावं. म्हणाली, एक दिलाय. घे आणि जा.

वीस वर्षांचा संसार आणि ही वागणूक!

पबमध्ये पोचल्या पोचल्या लेखी तक्रार केली. दोन पानं, आकृतीसकट. क्लबच्या नियमाप्रमाणे एक पौंड अनामत ठेवली. आर्थर बिंक्स निकालाचा कागद हातात घेऊनच उभा होता. माझी तक्रार वाचली, चष्मा काढला, म्हणाला, सिरिल, आधी निकाल वाचू दे ना. मी म्हटलं, आधी न्याय, मग निकाल. तो म्हणाला, अरे बाबा, दोन मिनिटं थांब. मी म्हटलं, तुम्ही सगळे त्या खाटकाला सामील आहात. टेबलाखालून विनीने मला लाथ मारली. जोरात. बघा, किती घाबरलेत सगळे!

डेस्मंडसुद्धा म्हणाला, काका, राहू द्या ना. त्याने तर म्हणावंच.

आर्थरने निकालाचा कागद घडी करून खिशात घातला. तक्रार आली की नियमाप्रमाणे निकाल थांबतो. बुधवारी कमिटी बसणार.

मी जिंकणार. कायदा माझ्या बाजूला आहे.

१९ ऑक्टोबर, बुधवार

कमिटी साडेसातला पबच्या मागच्या खोलीत बसली. पाच जण, मी, आणि पंच म्हणून विनी. फूटरेस्ट टेबलावर ठेवलं होतं.

मी पाऊण तास बोललो. बूट काढून फूटरेस्टवर ठेवून दाखवला. कमिटीने एकमताने मान्य केलं : पाय फूटरेस्टवरच होता. खडकाला लागला नाही. पाय टेकल्याचा मार्क रद्द.

मी टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, झाला का न्याय!

आर्थर म्हणाला, झाला. मग त्याने नियमपुस्तक उघडलं. हळू आवाजात वाचलं. नियम चौदा : गाडी सेक्शनमध्ये जेवढी शिरली तेवढीच बाहेर आली पाहिजे, एखादा भाग आत राहिल्यास पाच मार्क. तक्रारीतच लिहिलंयस, म्हणाला, फूटरेस्ट खडकावर राहिलं म्हणून. आकृतीत बाणसुद्धा काढलायस.

हा असला नियम कोणी केला, म्हणून मी ओरडलो. १९५८ साली केला, आर्थर म्हणाला. एकाने चढावर सायलेन्सर टाकला होता तेव्हा. तूच मांडला होतास, सिरिल.

मग त्याने रविवारचा निकालाचा कागद उघडून टेबलावर ठेवला. टाइप केलेला. सिरिल फॉसेट, अठरा. डेस्मंड कोट्स, वीस. खाली : पेनाइन कपसाठी क्लबची टीम, यूबँक, यूबँक, फॉसेट.

सतरा आणि एक, अठरा. सतरा आणि पाच, बावीस.

आर्थरने पेन काढून माझं नाव खोडलं आणि डेस्मंडचं लिहिलं. त्याला ते करताना बरं वाटत नव्हतं, हे मला मान्य करावं लागेल.

मला वाटलं संपलं. पण कमिटीतल्या एकाने विनीला विचारलं, मिसेस फॉसेट, फूटरेस्ट मागे राहिलेलं तुम्हाला दिसलं नव्हतं का?

विनी म्हणाली, दिसलं होतं.

मग एकच का लिहिला?

ती म्हणाली, बावीस वर्षं मी याला चालवताना बघतेय. असं चढताना कधी पाहिलं नव्हतं. पाच लिहायला हात धजला नाही.

आर्थरने नियमपुस्तक मिटलं. मग तिने पंचाचा बिल्ला काढला, कानामागची पेन्सिल काढली, दोन्ही आर्थरसमोर ठेवलं आणि म्हणाली, यापुढे मला नका बोलावू. आर्थर नको नको म्हणत होता. तिने कोट घातला.

अनामतीचा पौंड परत मिळाला, कारण तक्रार मान्य झाली होती.

२० ऑक्टोबर, गुरुवार

डेस्मंड दारावर आला होता. म्हणाला, मला ही जागा नको, मी आर्थरला तसं सांगतो. मी म्हटलं, मूर्खपणा करू नकोस, वीस म्हणजे बावीसपेक्षा कमी. तो गेला.

मग कोणावर तरी ओरडावं म्हणून गोठ्यात गेलो. गाडीवर ओरडून झालं. बरं वाटलं नाही.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

विनी बोलत नाही असं नाही. मीठ दे, दार लाव, असं बोलते.

बोल्ट विमानाचा होता की नाही हे त्या वखारवाल्याला विचारायला हवं. नको. राहू दे.

२३ ऑक्टोबर, रविवार

आर्थर चहाला आला. टोपी हातात फिरवत म्हणाला, पेनाइन कपच्या दिवशी एक सेक्शन आपल्या क्लबकडे आहे, आणि विनीच्या जागी पंच कोणी मिळत नाहीये. माझ्याकडे बघत होता. डेस्मंड त्याच सेक्शनवरून जाणार.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. आर्थर गेल्यावर विनीला विचारलं, जाऊ का?

ती विणत होती. म्हणाली, जा.

विचारलं, तुझं स्टूल नेऊ?

म्हणाली, ने. आणि तिथे बसलास की दिसेल ते लिहायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

मी म्हटलं, विनी, त्या दिवशी तू...

ती म्हणाली, आत्तापासूनच सुरू कर.

मी गप्प बसलो.